जर्मनचं विमान

आमच्या घरात विमानं आली ती माझ्यामुळे. बँकेतून आलो की चहाचा कप घेऊन मी संगणकापुढे बसायचो आणि सिम्युलेटरमध्ये आमच्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून उडायचो. बायकोच्या शब्दांत सांगायचं तर, "उडता कमी अन् पडता जास्त." ती शाळेत चित्रकला शिकवते. माहेर नरखेडकडचं, मोसंबीच्या बागेतलं, त्यामुळे बोलणं थेट. खुर्चीमागून जाता जाता ती पडद्यावर एक नजर टाकायची आणि म्हणायची, "कोनं रंगवलं हे? तेलाच्या पिंपावानी दिसून राहिलं." मला राग यायचा, कारण तिचं खरं असायचं.

सिम्युलेटरमधल्या विमानाला वरून एक अंगरखा चढवावा लागतो. त्याला आम्ही स्किन म्हणतो. जगभरचे हौशी लोक या स्किन घरी बसून तयार करतात. रंगीत विमान करणं त्यातल्या त्यात सोपं. खरी कसोटी लागते ती उघड्या पत्र्याच्या विमानाला, ज्याला रंगच दिलेला नाही अशा.

आमच्या गावात अशा हौशी लोकांचा एक छोटा गट आहे. त्यात एक काका आहेत, ऐंशीच्या पुढचे. आम्ही सारे खोटे वैमानिक, ते एकटे खरे. तरुणपणी ते डकोटा विमानावर सहवैमानिक होते. त्या काळी रात्री चारी दिशांनी टपालाची विमानं नागपूरला यायची, इथे पोत्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत ती परत निघायची. काकांनी अशा कितीतरी पहाटा त्या विमानातून पाहिल्या. पण त्या विमानाचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता.

आणि आता त्यांची नजर चालली होती. कडेचं दिसायचं, मधोमध धूर. डॉक्टरांनी आशा दिली नव्हती. काकांचं मागणं एकच होतं: नजर आहे तोवर आपली डकोटा एकदा पाहायची, उघड्या पत्र्याची, पहाटेच्या उजेडात. आम्ही इंटरनेटवरून शोधून शोधून स्किन आणल्या. काका मान तिरपी करून पाहायचे आणि हात झटकायचे.

"हे इमान नाही गा, बर्फी आहे. वर्ख लावलेली."

मग मीही हात मारून पाहिला. छानपैकी चांदीचा रंग ओतला, वर थोडी चमक घातली. बायको मागे येऊन उभी राहिली.

"हे जर्मनचं असते ना? मंग चांदी काहून फासून राहिले?"

"जर्मन नाही, अमेरिकन विमान आहे ते," मी विद्वत्ता दाखवली.

ती इतकी हसली की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. "अजी, जर्मन म्हंजे ॲल्युमिनम! आमच्या घरच्या गंजावानी!"

ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आपल्याकडे जर्मनची भांडी म्हणतात, आणि नरखेडकडे गंज म्हणजे पातेलं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तो शब्द आकाशात उडणाऱ्या वस्तूला लागू शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तिच्या डोक्यात मात्र तेच आधी आलं. त्या क्षणी मी खुर्चीवरून उठलो आणि ती बसली, ती पुढचे कित्येक आठवडे उठलीच नाही. माझं उडणं बंद पडलं ते वेगळंच.

एका रविवारी सकाळी तिनं घरातली सगळी धातूची भांडी गच्चीवर नेऊन मांडली. परात, गंज, ताटं, डबे, झाकण्या. तिरप्या उन्हात ती प्रत्येक भांड्याभोवती फिरत होती, बसत होती, मोबाइलनं फोटो काढत होती. शेजारीण डोकावून विचारून गेली, "मोडीत काढता काय जी?" बायकोला उत्तर द्यायलाही फुरसत नव्हती. मला हात धरून तिनं एका ताटासमोर बसवलं. ताट घासताना हात गोल फिरतो, म्हणून त्यावरचा उजेडही गोल फिरतो. डबा वरखाली घासतात, त्यावर उजेड उभा उतरतो. भांडं तेच, ऊन तेच, पण आपण दोन पावलं सरकलो की उजळ होतं ते काळं पडतं आणि काळं होतं ते उजळतं.

"धातूले सोताचा रंगच नसते," ती म्हणाली. "तो समोरच्याचा रंग घेते. आपन फकस्त तो किती घेते तेवढं सांगाचं."

मी इतकी वर्षं सिम्युलेटर वापरत होतो, पण हे वाक्य मला कुठल्याही मार्गदर्शक व्हिडिओत मिळालं नव्हतं.

रंगाचं काम तिनं चटकन संपवलं. खरं काम दुसऱ्या चित्राचं होतं. हे चित्र पडद्यावर कोणाला दिसत नाही. ते नुसतं काळंपांढरं असतं आणि संगणकाला सांगतं, इथे पत्रा गुळगुळीत आहे, इथे खरखरीत, इथे उजेड घसरेल, इथे अडकेल. मुलांना आयुष्यभर सूर्यास्त आणि मोर रंगवायला शिकवणारी ही बाई आता नुसता खरखरीतपणा रंगवत होती. पंखावरचा प्रत्येक पत्रा वेगळा. कुठला आडवा कापलेला, कुठला उभा, कुठला मागाहून बदललेला. मध्येच ती काकांना फोन लावायची.

"काका, दाराजवळ कसा होता पत्रा?"

"मळका वं. चढताना सारे तिथंच हात टेकवत."

लगेच दाराजवळ हातांचा मळ यायचा. इंजिनामागे धुराचा ओघळ यायचा. पोटाखाली धावपट्टीवरच्या खड्यांनी पडलेले बारीक चरे यायचे. मी पाठीमागे उभा राहून पाहायचो आणि मला तिचा फार अभिमान वाटायचा. मग मी चहा करून आणायचो. माझ्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं.

अखेर एका सकाळी आम्ही संगणक उचलून काकांच्या घरी गेलो आणि त्यांच्या मोठ्या टीव्हीला जोडला. काकांना आता स्वतः उडवणं जमत नव्हतं, म्हणून मी पुढे बसलो. बायको काकांच्या शेजारी. सिम्युलेटरमधली वेळ उजाडण्याआधीची लावली आणि सोनेगावहून डकोटा उचलली. मग नजर मागे वळवून डाव्या पंखावर नेली. पंख काळसर, झोपलेला. मी विमान हळूच वळवलं. क्षितिजावरून उजेड आला आणि एकेक पत्रा पेटत गेला. एक गुलाबी, त्याच्या शेजारचा अजून राखाडी, मग तो उजळला आणि पहिला विझला.

आणि त्याच उजेडात पंखाच्या मधोमध, ठिपक्याठिपक्यांची, हातभर लांब अक्षरं उमटली: सप्रेम भेट.

एकदा नाही, तीनदा. आपल्याकडे लग्नात भांडं दिलं की त्यावर देणाऱ्याचं नाव घालून देतात. बायकोच्या मामांनी दिलेल्या जर्मनच्या परातीचा फोटो तिनं पंखाला तीन ठिकाणी वापरला होता. मामांचं नाव तिनं काळजीपूर्वक पुसलं होतं, वरचे दोन शब्द मात्र निसटले. समोरून ते दिसायचेच नाहीत. ऊन तिरपं पडलं तरच दिसायचे, आणि घरी आम्ही पहाट लावून पाहिलीच नव्हती.

बायकोनं जीभ चावली. माझ्याकडे पाहिलं. मला हसू फुटायच्या बेतात होतं. काका आता काय म्हणतात, याची आम्ही दोघं वाट पाहत राहिलो.

काका मान तिरपी करून पंखाकडे पाहत होते. अक्षरं भिंतीवरच्या जाहिरातीएवढी मोठी होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. माझं हसू जागच्या जागी मेलं. बायकोचे डोळे भरून आले. नजर किती गेली आहे, हे काकांनी आम्हाला कधी नीट सांगितलंच नव्हतं.

"काका," ती म्हणाली, तिला लपवणं जमत नाही, "चूक झाली माह्याकडून. पंखावर अक्षरं उमटली, परातीची."

"असतीन," काका म्हणाले. "अक्षरं मले दिसत नाही आता, वं पोरी. तुह्यं तोंड बी नाही दिसत." ते पुढे झुकले. "पन उजेड दिसते. तो पहा, तो शेवटचा पत्रा. तो उशिराच उठे. आमी हसत असू त्याले."

बायकोनं त्यांचा हात हातात घेतला. शेवटचा पत्रा खरोखरच आत्ता कुठे उजळत होता. काका डोळ्याची पापणी न हलवता, डोकं एका बाजूला कलंडवून, त्या कडेच्या उजेडाला धरून बसले होते. सिम्युलेटरमध्ये सूर्य थांबवता येतो. एक बटण दाबलं की पहाट हवी तितका वेळ तशीच राहते.

"काका, थांबवू का इथेच?" मी विचारलं. "तुम्हाला पाहायचं तेवढं पाहा."

"नको गा," ते म्हणाले. "उजाडू दे पुरं. तवा बी थांबली नव्हती पहाट."

मी बटणावरचा हात काढून घेतला.