भट्टीवरचा माणूस

राहुरीहून ठरवलेल्या गाडीचा ड्रायव्हर भर उन्हातही बाह्यांची बटणं लावून बसला होता. मी विचारलं, "किती वर्षं गाडी चालवताय?"

"दोनच, सर." चोरी पकडली गेल्यासारखा तो म्हणाला. "त्याच्या आधी वीस वर्षं साखर कारखान्यात बायलरवर हुतो. भट्टीत उसाची चिपाडं ढकलायचो. कारखाना बंद पडला. ती वीस वर्षं पान्यात गेली."

मी इंग्रजीचा मास्तर. निवृत्त झालो तरी खोड जात नाही. म्हटलं, "इंग्रजीत ड्रायव्हरला शोफर म्हणतात ना, तो शब्द मूळचा फ्रेंच. अर्थ, भट्टी पेटती ठेवणारा. सुरुवातीला वाफेच्या मोटारी होत्या. भट्टी सांभाळणाराच गाडी चालवायचा."

"व्हय?" तो म्हणाला. मग एका हाताने बटण काढून त्याने बाही कोपरापर्यंत सारली. हातभर भाजल्याचे जुने डाग होते.

केडगावला माझी बायको गाडीत बसली आणि बसल्या बसल्या तिनंही तेच विचारलं, "किती वर्षं चालवताय?"

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"बावीस वर्षं, ताई."