हरेश्वरचा कान

माझ्या जिभेला हाड नाही, हे माणिकपुरात कुणालाही विचारा, सांगतील. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आवाजही खणखणीत. थेरेसा टीचर बाजारात बोलली की स्टेशनपर्यंत ऐकू जातं, असं माझा धाकटा भाऊ प्लासिड म्हणतो. म्हणू दे. पण या जिभेपायी एका भल्या माणसाचं गॅरेज बंद व्हायची वेळ आली होती. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा ते मीच सांगितलेलं बरं.

तो माणूस म्हणजे हरेश्वर. होळी गावचा. खाडीच्या काठाला त्यांची भातशेती आणि घरामागे फुलांची, भाजीची वाडी. बापाला वाटायचं पोरानं नांगर धरावा. पोरगा सोळाव्या वर्षी ग्रँट रोडच्या एका गॅरेजात जाऊन गाडीखाली शिरला, तो बारा वर्षांनी पान्यांची पेटी घेऊन परत आला. माणिकपुरात देवळामागच्या गल्लीत त्यानं पत्र्याची शेड टाकली. चर्चला आम्ही वसईकर देऊळच म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणणार. गॅरेजला पाटी नव्हती. काही सांगायचं असलं की हा दाराच्या काळ्या फळीवर खडूनं लिहायचा. ‘वाडीवर आहे.’ ‘जेवून येतो.’ अक्षर असं की मला डस्टर घेऊन धावावंसं वाटे.

हरेश्वर थोडं बोलायचा आणि खूप ऐकायचा. गळ्यात मफलर असावा तशी त्याच्या गळ्यात हातभर लांबीची रबरी नळी असायची. नळीचं एक टोक कानात, दुसरं इंजिनाच्या तोंडाशी. डोळे मिटून ऐकायचा आणि मग स्क्रू एवढासा फिरवायचा, की फिरवला की नाही तेच कळू नये.

आमच्या गाडीला त्या नळीची फार गरज. पप्पांनी छप्पन साली घेतलेली विलायती एमजी, हिरव्या रंगाची. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून पाजणारं जे भांडं असतं ते कार्बोरेटर. साध्या गाडीला ते एक असतं, आमच्या गाडीला दोन, एक पुढचा आणि एक मागचा. दोघांनी अगदी सारखी हवा ओढली तर गाडी लोण्यासारखी चालते. एक जरी कमी-जास्त झाला की धुसफुस सुरू. हरेश्वरनं मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं, “बाई, एक बैल पुढं नि एक मागं ओढाया लागला, तर नांगर कसा चालनार?” नळी लावून तो दोघांची फुसफुस ऐकायचा, आधी एकाची, मग दुसऱ्याची, पुन्हा पहिल्याची. दोन्हीकडे एकच सूर लागला की नळी गळ्यात टाकायचा आणि म्हणायचा, “दोनी सारखे.” झालं काम. चहा घ्यायचा आणि सायकलवर टांग मारायचा. वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

आमच्या घरातली प्रत्येक नवरी या गाडीतून देवळात गेली. माझ्या दोन बहिणी गेल्या, चुलतबहिणी गेल्या. मी सोडून सगळ्या. मी लग्नच केलं नाही, आणि त्याचं मला दुःख नाही, उगाच कुणी चुकचुकू नये. पण गाडी मी सांभाळली. पप्पा गेल्यावर तिला पुसणं, झाकणं, चालू करणं, सगळं मीच करायची. आणि अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत प्लासिडच्या मुलीचं, आमच्या अँजेलिनाचं लग्न ठरलं. पुतणी माझ्या मांडीवर वाढलेली. लहानपणापासून एकच सांगायची, “आते, मी पप्पाआजोबांच्या गाडीतून जाणार.”

डिसेंबरच्या मध्याला गाडी बिघडली. सकाळी आठला मी चालू केली. ती सुरू झाली, पण ॲक्सिलरेटर दाबला की गुदमरायची. काळा धूर, दोन आचके, बंद. मी होळीला निरोप धाडला. हरेश्वर आला दुपारी बाराला. सकाळी त्याला जमायचं नाही, “दहापर्यंत वाडीचं पानी असतं, बाई.” त्यानं किल्ली फिरवली आणि त्या भवानीनं काय करावं? एका झटक्यात सुरू! दाबा हवा तेवढा ॲक्सिलरेटर, खोकणं नाही की धूर नाही. माझी फजिती करायलाच जणू. हरेश्वरनं तरी नळी लावली, दोन्ही ऐकले आणि उगाच थोडं इकडचं तिकडं केलं. “दोनी सारखे,” म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. तो दुपारी आला, गाडी पुन्हा ठणठणीत. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी त्यानं दोन्ही कार्बोरेटरच्या खालच्या पेट्रोलच्या वाट्या काढून धुतल्या, वरच्या पितळी टोप्या उघडून आतलं तेल बघितलं. तेल पातळ, स्वच्छ, जागच्या जागी. सगळं बसवून तो तासभर ऐकत राहिला. त्याच्या पुढच्याच सकाळी धुराचा एवढा लोट निघाला की शेजारचे खिडकीत आले.

माझा पारा चढला. लग्न तीन आठवड्यांवर आलेलं, आणि हा बाबा रोज “दोनी सारखे” करून जातो! मी तिथल्या तिथे तोंड सोडलं. “हरेश्वर, तुझा कान गेला. कबूल कर आणि मोकळा हो.” त्यानं पाने पेटीत भरले आणि सायकल काढली. आता सांगताना लाज वाटते, पण दोन वर्षांपूर्वी त्यानं मला विश्वासानं सांगितलं होतं की उजव्या कानात कधीकधी बारीक शिटी वाजते. तीच गोष्ट मी बाजारात बोलले. रविवारची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, सुटल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर बोलले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! थेरेसा टीचर म्हणते म्हणजे खरंच असणार, असं लोकांना वाटलं. आधीच मारुतीच्या जमान्यात त्याच्या कानाला काम कमी राहिलं होतं. जुन्या गाड्यांची जी चार गिऱ्हाइकं उरली होती, त्यांतल्या तिघांनी गाड्या दुसरीकडे नेल्या.

त्याची बायको कृष्णाबाई नाक्यावर भाजीची पाटी घेऊन बसते. मी मुळे घ्यायला वाकले, तशी ती हळूच म्हणाली, “टीचर, हे आता घरात रेडिओ लावतात नि मला इचारतात, मला बरोबर ऐकाया येतं ना गो? माझा मानूस खचला, टीचर.”

मी म्हटलं, “मग डॉक्टरला दाखव, मला काय सांगतेस?” आणि मुळे घेऊन चालती झाले. त्याच संध्याकाळी त्याच्या गॅरेजवरून आले तर फळीवर खडूनं लिहिलेलं, ‘लग्नाचं काम झाल्यावर गॅरेज बंद. कायमचं.’ मनात चर्र झालं, खोटं नाही सांगत. पण माझ्या नाकावर राग बसलेला. म्हटलं, बरंच झालं.

लग्नाचा दिवस उजाडला. मिस्सा दहाची. थंडी चांगलीच होती, वाडीतल्या केळीच्या पानांवर दव साचलेलं. त्या दिवशी हरेश्वर पाणी लावायचं सोडून सातलाच आला. स्वच्छ सदरा आणि गळ्यात नळी. नवरीची गाडी तोच चालवायचा, दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. अंगणात पाहुणे जमलेले, बँडवाले वाद्यं पुसत बसलेले. त्यानं किल्ली फिरवली, ॲक्सिलरेटर दाबला. धूर, आचके, बंद.

आजवर त्यानं गाडीचं हे सकाळचं रूप बघितलंच नव्हतं. त्यानं पुन्हा चालू करून नळी लावली, आधी पुढच्याला, मग मागच्याला. चेहरा उतरला. “काल दुपारी दोनी सारखे ऐकले मी,” तो प्लासिडला म्हणाला. “आज पुढचा ओढतच नाय. म्हंजे काल मला चुकीचं ऐकाया आलं. टीचर बरोबर बोलल्या. माझा कान गेला. तुमी दुसरी गाडी बोलवा.” एरवी त्यानं आधी टोप्या उघडून आतला हवेचा दट्ट्या बोटानं वर-खाली करून पाहिला असता. पण तो घरूनच हरून आला होता.

मी हे ओटीवरून ऐकलं आणि तणतणत आत गेले. आत अँजेलिनाची वेणी घालायची थांबली होती. “आते, खोबरेल गोठलंय, गरम पाण्यात ठेव ना,” ती म्हणाली. थंडीत रोजचंच काम. आमच्याच झाडांच्या नारळांचं घाण्यावर काढलेलं तेल, गार पडलं की तुपासारखं पांढरंफेक घट्ट होतं, आणि उन्हात ठेवलं की पुन्हा पाणी. मी बाटली उचलली आणि हातात धरून तशीच उभी राहिले.

ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात हरेश्वर मला म्हणाला होता, “बाई, टोपीतलं तेल अधूनमधून बघा. कमी झालं तर शिवनयंत्राचं पातळ तेल घाला.” या तेलावरच आतला दट्ट्या वर-खाली होतो आणि हवेला वाट देतो. मी उघडून बघितलं तर मागच्यात तेल होतं, पुढच्यातलं संपलेलं. शिवणयंत्राचं तेल घरात नव्हतं. आणि आमच्याकडे शिवणयंत्रालाही खोबरेलच घालतात, आई घालायची, मीही घालते. चांगलं शुद्ध घरचं तेल! मी पुढच्या टोपीत काठोकाठ खोबरेल भरलं होतं. डिसेंबरची थंडी पडल्यापासून ते रोज पहाटे गोठत होतं, आणि हरेश्वर येईपर्यंत आमच्या गाडीच्या शेडचा पत्रा तापून पुन्हा पातळ होत होतं; वास पेट्रोलच्या वासात दबलेला. त्याच्या कानाला काही झालं नव्हतं. रोज दुपारी त्यानं ऐकलेलं अगदी बरोबर होतं.

गप्प बसता आलं असतं. दुसरी गाडी आली असती, लग्न लागलं असतं, आणि हरेश्वर वाडीला पाणी लावत म्हातारा झाला असता. कुणाला कळणार होतं? सासष्ट वर्षांत ‘माझं चुकलं’ हे शब्द मी लोकांत उच्चारले नव्हते. शप्पथ सांगते, वर्गातसुद्धा नाही.

बाटली घेऊन मी अंगणात आले, गाडीपाशी गेले आणि माझ्या त्या खणखणीत आवाजात म्हटलं, “हरेश्वर, पुढची टोपी उघड. मी त्यात खोबरेल घातलंय.”

त्यानं टोपी फिरवून काढली. दांडीला पांढरा गोळा चिकटून आला. त्यानं वास घेतला. मग माझ्या हातातल्या बाटलीकडे बघितलं, पुन्हा त्या गोळ्याकडे बघितलं. “म्हंजे माझा कान…”

“शाबूत आहे रे बाबा! डोकं माझं गेलं होतं. गावभर तुझी बदनामी केली मी. माझं चुकलं, हरेश्वर.”

तो गाडीच्या चाकाला पाठ टेकून खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. साठीला आलेला माणूस, पाहुण्यांसमोर रडला. मीही रडले, नवीन साडीत, आणि कुणी काय म्हणेल याची मला पर्वा नव्हती.

मग त्यानं डोळे पुसले आणि चिंधीनं तो गोळा निपटून काढला. पेट्रोलनं सगळं धुतलं, पिशवीतल्या बाटलीतलं पातळ तेल घातलं, गाडी चालू केली आणि नळी कानाला लावली. मी तोवर पाहुण्यांना खोबरेलाची कथा पहिल्यापासून सांगायला लागले होते. त्यानं मान वर केली. “बाई, गप बसा जरा. ऐकू द्या.”

मला असं कुणी सांगितलेलं नाही कधी. हेडमास्तरांचीही छाती झाली नव्हती. मी गप्प बसले, आणि बँडवाल्यांनाही हातानं गप्प केलं.

साडेनऊला आम्ही निघालो. हरेश्वरच्या शेजारी प्लासिड, मागे अँजेलिना आणि मी. देवळामागच्या गल्लीत गाडी वळली तशी मी म्हटलं, “थांबव.”

“बाई, मिस्सा दहाची.”

“थांबव म्हणते ना!”

त्याच्या गॅरेजसमोर मी उतरले. फळीवरचं ते खडूचं लिहिलेलं मी रेशमी साडीच्या पदरानं पुसलं, एकेक अक्षर, पांढरा डागसुद्धा राहू दिला नाही. समोरच्या पानवाल्यानं बघितलं. बघू दे, तोच आता गावभर सांगेल.

गाडीत येऊन बसले तेव्हा पदर सगळा पांढरा झाला होता आणि अँजेलिना हसत होती. हरेश्वरनं माझ्याकडे वळून बघितलं नाही. त्यानं काच खाली केली, मान बॉनेटच्या बाजूला कलती केली आणि थोडा वेळ तसाच ऐकत राहिला.

“दोनी सारखे, बाई,” तो म्हणाला आणि त्यानं गिअर टाकला.