नळीवरचा डबा

मामांनी डोळ्याचं ऑपरेशन शहाद्यालाच करायचं ठरवलं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. मामांच्या गावाहून, कोरीटहून, नंदुरबार जवळ. तिथे डोळ्यांचे दवाखाने आहेत, नातेवाईक आहेत, सगळं आहे. पण मामा म्हणाले, "भाचा शहादाले ऱ्हास, मंग मी नंदुरबारले कसाले जाऊ?" आणि एका सकाळी ते एक पिशवी आणि एक रेडिओ घेऊन एस.टी.तून उतरले. बारा दिवसांसाठी.

माझा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतात, त्यावरून मी कवळी तयार करून देतो. घराच्या पुढच्या खोलीतच हे काम चालतं. मामांच्या तोंडातली कवळीही माझीच आहे. ती खालून टोचते अशी त्यांची चार वर्षांची तक्रार आहे, आणि जरा घासून देतो, काढा म्हटलं की ते काढत नाहीत.

त्याच खोलीत दुपारी दोन ते चार मी रणगाडे बनवतो. लढायांत वापरलेल्या खऱ्या रणगाड्यांच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती, मूळच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढ्या. खोक्यात दोन-तीनशे सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे, आणि मग गाडी खरोखर रानोमाळ फिरून आल्यासारखी दिसावी म्हणून तिच्यावर धूळ, गंज, तेलाचे ओघळ काढत बसायचं. हे शहाद्यात कुणाला समजावून सांगायचा नाद मी सोडून दिला आहे. कवळी न्यायला आलेल्या एका बाईंनी तर त्यात सेल कुठे टाकायचा असं विचारलं होतं.

मामा आले तेव्हा टेबलावर टी-पंचावन्न होता. रशियन बनावटीचा, एकाहत्तरच्या लढाईत आपल्या फौजेने वापरलेला. त्यावर माझे दोन महिने गेले होते आणि त्यातले तीन आठवडे नुसत्या गंजावर. स्पंजाच्या बारीक तुकड्याने टिपून टिपून मी असा गंज आणला होता की बघणाऱ्याने बोट लावून पाहावं.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी काळा चष्मा लावून मामा माझ्या खोलीत आले. एक डोळा आधीच केलेला होता, त्यामुळे दिसायची अडचण नव्हती. स्टूल ओढून बसले आणि टेबलाकडे बघत राहिले.

"हाई मन्ही गाडी शे," ते म्हणाले.

मला वाटलं, रेडिओवरच्या कशाबद्दल तरी बोलताहेत.

"तुमची कशी, मामा?"

"मी चालाडेल शे हाई."

मामा फौजेत होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण ते कधी सांगायचेच नाहीत. "गाडी चालवायचो" एवढंच, आणि मग तिथल्या डाळीची नालस्ती. गाडी म्हणजे ट्रक असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी दहा वर्षं रणगाड्यांची चित्रं गोळा करतोय, परदेशातल्या माणसांचे व्हिडिओ बघतोय, आणि टी-पंचावन्नचा ड्रायव्हर माझ्या आईचा सख्खा भाऊ, ज्याच्या अंगणात मी दर उन्हाळ्याच्या सुट्टीत शेंगा फोडत बसायचो!

माझा राग पहिल्यांदा इथे सुरू झाला. पण मी हौसेने गाडी त्यांच्या पुढ्यात सरकवली. म्हटलं, सांगा, कशी झालीय.

मामांनी ती उचलली नाही. वाकून, मान तिरपी करून पाहिली.

"इतला जंग?" गंजाकडे बोट करून म्हणाले.

"मामा, लढाईतली गाडी आहे. चिखल, पाणी..."

"इतला जंग चढू दिधा आस्ता तं साहेबनी आमले उलटं टांगं आस्तं. आमी रोज पुसूत." मग बोट चाकांभोवतीच्या पट्ट्यावर. "आनि हाऊ पट्टा इतला ताठ नही ऱ्हास. वरथून चाकवर पडेल ऱ्हास."

पट्ट्याचं त्यांचं म्हणणं खरं होतं. मलाही ते माहीत होतं, फक्त चिकटवताना कंटाळा केला होता. पण आपला कंटाळा दुसऱ्याने बरोबर ओळखावा यासारखा संताप नाही. मी चार दिवस दुपारच्या दुपारी पट्टे सोडवले, चाकांवर दोरीने बांधून पुन्हा बसवले. गंज अर्धा खरवडला. त्या खरवडण्यात हिरवा रंगही गेला, तो पुन्हा मारला. मामा स्टुलावर बसून रेडिओ ऐकत होते आणि मधूनच "आता कसं?" असं मी विचारायच्या आत "आखो थोडं" असं सांगत होते.

आठव्या दिवशी माझ्या हिशेबाने गाडी पूर्ण झाली. तेव्हा ते म्हणाले, "डब्बा कथा शे?"

"कसला डबा?"

"नळीवर. मझार." त्यांनी तोफेच्या नळीच्या बरोबर मध्यावर चिमूट धरून दाखवली. "अठे एक गोल डब्बा व्हता."

मी त्यांना शांतपणे समजावलं, निदान सुरुवातीला. या तोफेला धूर बाहेर ओढणारा फुगवटा असतो, पण तो नळीच्या टोकाशी, आणि तो मी लावलेला आहे. मध्यावर काहीही नसतं. खोक्यातल्या कागदात नाही, माझ्याकडच्या एका चित्रात नाही. मध्यावर फुगवटा असलेले रणगाडे वेगळे, दुसऱ्या देशाचे.

"ते मले माहीत नही. आमना गाडीले व्हता."

"मामा, पन्नास वर्षं झाली. तुमची दुसऱ्या कुठल्या गाडीशी गल्लत होतेय."

मामांनी रेडिओ बंद केला आणि आत निघून गेले.

त्यानंतर दोन दिवस ते माझ्या खोलीत फिरकले नाहीत. जेवताना माझ्याकडे न बघता माझ्या बायकोशी बोलायचे. डोळ्यात औषध घालायची वेळ झाली की तिला हाक. मी बाटली घेऊन गेलो तर म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, ती टाकी."

बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं. "त्या म्हनतस तं लाई द्या ना एक डब्बा. काय फरक पडस?"

"काय फरक पडस?" मी ओरडलोच. दोन महिने ज्याचा एकेक खिळा चित्रावरून पडताळून बसवला, त्याला कुणाच्या तरी आठवणीतला डबा लावायचा? मग सेलही टाकू आणि दिवाही लावू! ती पोळी लाटत राहिली. म्हणाली, चित्र काढणारा त्या गाडीत बसला होता का?

मी आणखीच चिडलो. मामांना खोटं पाडायचं म्हणूनच, दुसरा काही चांगला हेतू नव्हता, मी आमच्या मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर प्रश्न टाकला. दुपारी टाकला आणि चहाच्या वेळेपर्यंत उत्तर आलं. कुठल्याशा शहरातल्या एका वयस्क गृहस्थांनी एक जुना काळापांढरा फोटो पाठवला होता. नदीकाठी उभा टी-पंचावन्न, वर बसलेली पोरं, आणि नळीच्या मध्यावर डबा. खाली त्यांनी लिहिलं होतं की समोरच्यांकडेही जवळजवळ असेच दिसणारे रणगाडे होते. आपल्याच माणसांनी आपल्याच गाडीवर गोळा टाकू नये, म्हणून ओळखीसाठी हा नकली डबा बसवत. आत काही नाही, नुसता पोकळ.

मी फोन घेऊन आत गेलो. मामा पलंगावर बसून शर्टाचं बटण लावत होते. मी फोटो समोर धरला आणि म्हटलं, "मामा, डबा होता."

वाटलं होतं, आता ऐकवतील. त्यांनी काही ऐकवलं नाही. "मोठा कर," म्हणाले. मी फोटो मोठा केला. डब्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. वर बसलेल्या एकेका पोराच्या तोंडावर फोटो सरकवायला लावला. चार तोंडं होती. चौथ्यापर्यंत जाऊन त्यांनी मान हलवली.

"ह्या आमना नहीत."

मग आपणहून म्हणाले, की त्यांच्या गाडीतला तोफ चालवणारा त्या डब्यावर ओले मोजे वाळत घालायचा. साहेबाची जीप दिसली की खालून मामांनी हाक मारायची आणि त्याने मोजे ओढून घ्यायचे. पंजाबकडचा होता. मी विचारलं, आता कुठे असतो? मामा म्हणाले, "तिले चहा मांड म्हन."

डबा मी कवळीच्या गुलाबी मसाल्यातून केला, कारण तो आकार देता येईल असं दुसरं काही घरात नव्हतं. पहिला बघून मामा म्हणाले, "हाई घागर शे का?" दुसरा लहान झाला. तिसरा घासता घासता बोटातून उडाला आणि कपाटाखाली गेला. तो शोधताना मी काय काय बोललो ते मामांनी फौजेतही ऐकलं नसेल. चौथा बसला. त्यासाठी रंगवून झालेली नळी मधोमध कापावी लागली आणि जोड लपवायला पुन्हा सगळी रंगवावी लागली. मामा शेजारी बसून होते. रंग वाळल्यावर त्यांनी पहिल्यांदा गाडी दोन्ही हातांत उचलली आणि ड्रायव्हर आत उतरतो त्या झाकणावर अंगठा ठेवला. "आते बरोबर," म्हणाले.

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी डोळा तपासला आणि जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मी पेढ्यांचं रिकामं खोकं घेतलं, आत कापूस भरला, रणगाडा बसेल असा खळगा केला. माझ्या मनातून ती गाडी केव्हाच त्यांची झाली होती. दोन महिन्यांचं काम असं देऊन टाकताना आपण किती मोठ्या मनाचे आहोत, हेही मी दोन-तीनदा मनात म्हणून घेतलं होतं.

मामांनी खोकं पाहिलं. "कसाले?" म्हणाले. "तठे पोऱ्हे तोडी टाकतीन. धूळ बसी. तुन्हा खेळ शे, तुन्हाजोडे ऱ्हाऊ दे. मले तो फोटो कागदवर काढी दे."

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून फोटोची प्रत काढून आणली. त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत रेडिओशेजारी उभी ठेवली. एस.टी. लागल्यावर खिडकीतून त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"कवळी खालथून टोचस," ते म्हणाले. "पुढला येळले देखजो."

"काढून द्या म्हणतोय ना बारा दिवस!" मी इतक्या जोरात म्हणालो की कंडक्टरने वळून पाहिलं. गाडी निघून गेली.

टी-पंचावन्न आता कपाटात वरच्या फळीवर आहे. नळीचा जोड उजेडात किंचित दिसतो आणि माझी नजर नेमकी तिथेच जाते. नवीन खोकं मी मुद्दाम अशा देशाच्या गाडीचं मागवलंय की जिच्यात आमच्या नात्यातलं कुणी बसलेलं असणं शक्य नाही. तिच्यावर मी मला हवा तेवढा गंज चढवणार आहे.