‘मारस’ या क्रियेचा कर्ता

धुळ्यातील एका महाविद्यालयाने ‘भाषा, आधुनिक नाटक आणि राष्ट्रीय अस्मिता’ या विषयावर चर्चासत्र भरवले, तेव्हा मंगलाचरणासाठी मला अमळनेरहून बोलावले होते. विद्वानांच्या सभेत संस्कृत पंडिताचे स्थान आता समईइतकेच उरले आहे. आरंभी ती उजळायची. नंतर तेवते आहे की विझली, हे कोणी पाहत नाही. मला त्याचे वैषम्य नाही. समईला निदान भाषणे ऐकावी लागत नाहीत. मला ती ऐकावी लागली.

व्यासपीठामागच्या फलकावर ‘अस्मिता’ हा शब्द सर्वांत मोठ्या अक्षरांत होता. योगशास्त्राने मनुष्याला छळणारे पाच क्लेश सांगितले आहेत. त्यांत अविद्येच्या पाठोपाठ अस्मिता येते. पाहणारा आणि पाहण्याचे साधन यांना एकच समजणे, असा तिचा अर्थ. जणू चष्म्यानेच ‘मी पाहतो’ असे म्हणावे. ज्या व्याधीतून सुटण्यासाठी ऋषींनी आयुष्ये वेचली, तिची जोपासना कशी करावी हे वक्ते एकामागून एक तावातावाने सांगत होते. अविद्येबद्दल कोणी काही बोलले नाही. तिची उणीवही भासली नाही.

मी गेलो होतो तो मात्र सुनेसाठी. माझी धाकटी सून त्याच महाविद्यालयात मराठी शिकवते. तिने लिहिलेली एकांकिका दुसऱ्या दिवशी होणार होती, आणि दिल्लीच्या एका नाट्यमहोत्सवासाठी तिची शिफारस करायची की नाही, हे चर्चासत्राचे अध्यक्ष ठरवणार होते. हे अध्यक्ष पुण्याहून आलेले नाट्यसमीक्षक होते. सुनेचा त्या एकांकिकेवर फार जीव होता. तिचे माहेर दोंडाईच्याकडचे. नाटकातली आई तिने आपल्या आईच्या तोंडून उचलली होती.

प्रसंग न्यायालयातला. जावई मुलीला मारतो, म्हणून ही आई साक्षीला उभी राहते. ती अहिराणी बोलते. न्यायाधीश बाहेरचे, आणि तिचे म्हणणे मराठीत सांगणारा कारकून शहरात वाढलेला. ती म्हणते, ‘‘रोज मारस, साहेब.’’ अहिराणीत मी मारस, तू मारस, तो मारस. तिघांना क्रियापद एकच. कर्ता बोलणारीच्या मनात असतो आणि ऐकणाऱ्या शेजारणीला तो ठाऊक असतो. कारकून सांगतो, ‘‘ती म्हणते, मी रोज मारते.’’ तिथून पुढे आई जितके खरे बोलते, तितकी आरोपी ठरत जाते.

पहिल्या दिवशी जेवणाच्या मांडवात अध्यक्ष पुन्हा पुन्हा भरीत वाढून घेत होते. ‘‘वा! हे अस्सल खानदेशी. पुण्यात मिळतं, पण ती चव नाही.’’ त्याच घासाबरोबर ते सुनेला म्हणाले, ‘‘संहिता वाचली मी. छान आहे. फक्त आईची भाषा तेवढी प्रमाण करून घ्या.’’

‘‘सर, पण आईच प्रमाण बोलली तर...’’

‘‘अहो, भाषा एक असली की राष्ट्रीय आशय थेट पोचतो. बोली चवीपुरती ठेवा. त्या कारकुनाला द्या थोडी, हशा येईल.’’

ज्याला अहिराणी कळत नाही म्हणून नाटक घडते, त्यालाच अहिराणी द्यायची! संहिता वाचल्याचा याहून सबळ पुरावा कोणता हवा?

मग ते माझ्याकडे वळले. ‘‘शास्त्रीबुवा, तुम्ही तरी सूनबाईंना समजवा. संस्कृत नाटकानं अख्खा देश एका भाषेत बांधला होता की नाही?’’

मी विचारले, ‘‘त्या नाटकांत राणी कोणत्या भाषेत बोलते?’’

‘‘संस्कृतात. अर्थात!’’

राजा संस्कृत बोलतो. राणी, तिच्या सख्या, विदूषक, शिपाई ही सारी मंडळी प्राकृतात बोलतात, आणि ती प्राकृतही एकच नसते. छापील प्रतींत त्या वाक्यांखाली विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी संस्कृत रूपांतर देतात. त्याला छाया म्हणतात. परीक्षेपुरते वाचणारा छायाच वाचतो. या गृहस्थांनी जन्मभर छायेवर व्याख्याने दिली होती. झाड कधी पाहिलेच नव्हते. मी हे त्यांना शांतपणे सांगितले. ‘‘तो तपशील झाला,’’ असे म्हणून त्यांनी ताक मागितले.

संध्याकाळी सुनेच्या घरी ती ओट्यावर बसली होती. ‘‘नाना, मनी माय असं प्रमाण बोलस का कधी?’’

‘‘नाही. मग काय करणार तुम्ही?’’

‘‘त्यांचं ऐकणार,’’ ती एकदम वर्गातल्या मराठीत म्हणाली. ‘‘अगदी पूर्ण ऐकणार.’’

मी संध्येला बसलो. देवापाशी अध्यक्षांसाठी सद्बुद्धी मागितली. मागणे मनापासून होते, अपेक्षा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरले. विद्यार्थ्यांनी गावाकडून आया-मावश्या आणल्या होत्या. सून पुढे येऊन म्हणाली, ‘‘आदरणीय अध्यक्षांनी सुचवलेली सुधारणा करून प्रयोग सादर करतो आहोत.’’ अध्यक्षांनी मान डोलावली. पडदा उघडला.

न्यायाधीश म्हणाले, ‘‘काय होतं घरात?’’

आई म्हणाली, ‘‘जावई माझ्या मुलीला रोज मारतो, महोदय.’’

कारकून म्हणाला, ‘‘ती म्हणते, जावई तिच्या मुलीला रोज मारतो.’’

‘‘समजलं,’’ न्यायाधीश म्हणाले आणि पडदा पडला.

मग मागून एका बाईचा आवाज आला, ‘‘इतलामाच सरनं का?’’ आणि सभागृह हसत सुटले.

‘‘आता न सुधारलेला प्रयोग,’’ सून म्हणाली.

या खेपेस आई ‘रोज मारस’ म्हणाली, कारकुनाने तिला मारणारी केले, आणि तिसऱ्या रांगेतली एक मावशी चक्क उभी राहिली. ‘‘जवाई मारस रे भो! जवाई!’’

अध्यक्षांनी माझ्याकडे झुकून विचारले, ‘‘काय म्हणाल्या त्या?’’

‘‘कर्ता सांगितला,’’ मी म्हणालो. तेही त्यांना समजले नाही.

समारोपात ते म्हणाले की, या एकांकिकेत प्रादेशिक ऊर्जा विपुल आहे. मात्र राष्ट्रीय परिप्रेक्ष्य नाही. शिफारस दुसऱ्याच नाटकाची झाली. त्यात एक वीरपुरुष प्रारंभापासून अखेरपर्यंत ध्वज धरून भाषण करतो, आणि त्याला अडवायला एकही बाई नाही. सुनेने ते ऐकले, टाळ्या वाजवायच्या तिथे वाजवल्या, आणि ती रंगमंचामागे जाऊन तोंड धुऊन आली. डोळे लाल होते.

अध्यक्षांच्या गाडीत निघताना हिरव्या वांग्यांची पिशवी ठेवण्यात आली. मी त्यांना नमस्कार केला. अतिथीला नमस्कार करावा, असे शास्त्र आहे; अतिथी कसा असावा, हे त्याने अतिथीवर सोडले आहे.

आत आलो तेव्हा बायांनी कारकून झालेल्या विद्यार्थ्याला घेरले होते आणि तो हात जोडून ‘मावशी, ते नाटक होतं’ असे विनवत होता. ती उभी राहिलेली मावशी सुनेला म्हणाली, ‘‘बाई, आमना गावमा कधी करशात?’’

पदर खोचत सुनेने विचारले, ‘‘पडदा लावाले जागा शे का?’’

‘‘शे. जागा, दिवा, बठ्ठं शे. तुम्ही फक्त ह्या कारकूनले संगे लई या. आम्ही देखतस त्याले.’’