केलीव्हिलचा राष्ट्राध्यक्ष

फ्रीजरमधला आइस्क्रीमचा डबा हौसेने उघडला, तर आत नेहमीप्रमाणे कोथिंबिरीची चटणी. त्या वासाने मला केलीव्हिलचं ते भिकार प्रजासत्ताक आठवलं.

माझा तेव्हाचा घरमालक दिलीप. कौन्सिलने त्याची मागची शेड पाडायला सांगितली, म्हणून या दीडशहाण्याने आपलं घरच ऑस्ट्रेलियातून वेगळं झाल्याचं जाहीर केलं. मग रविवारी दुपारी त्या देशाची पहिली आणि शेवटची निवडणूक झाली. मतपेटी म्हणजे असाच चटणीचा डबा. मतदार तो, त्याची बायको नीता आणि आम्ही तीन भाडेकरू. उमेदवार एकटा तोच.

"बिनविरोधच आहे रे, पण मतदान रीतसर हवं," तो म्हणाला. चिठ्ठीवर फक्त हो किंवा नाही लिहायचं होतं.

चटणीच्या वासाच्या चार चिठ्ठ्यांवर 'हो' निघालं, एकीवर 'नाही'. दिलीप आम्हा भाडेकरूंवर ओरडला, "कोण आहे तो गद्दार?"

"मी," नीता शांतपणे म्हणाली. "आणि आता डबा दे, चटणी वाटून ठेवलीय."

आठवड्याभरात शेड पडली, देशही संपला. त्या माकडाला मी आजही पोट धरून हसतो. पार्ट्यांमध्ये हा किस्सा रंगवून सांगतो, आणि ते 'नाही' मी लिहिलं होतं असं सांगतो.