माघारी फिरायचं नसतं

माझी मुलगी विमान चालवायला शिकवते. गेल्या हिवाळ्यात तिच्या फ्लाइंग क्लबाचं छोटं विमान घेऊन ती रत्नागिरीला आली आणि म्हणाली, "आई, चल, तुला आपला समुद्र वरून दाखवते." मी आधी साफ नाही म्हटलं. मग वाटलं, पोरीची एवढी हौस आहे, तर जाऊ.

निघताना ती गॉगल विसरली म्हणून फाटकातून परत आली. आमच्याकडे माघारी फिरलेलं माणूस तसंच पुन्हा बाहेर पडत नाही. मी तिला खुर्चीत बसवलं, पाणी प्यायला लावलं, मगच सोडलं. "काय गो आई, तुझं एकेक!" म्हणाली, पण प्यायली.

धावपट्टी सोडून जेमतेम वर आलो असू, इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. नुसता वारा ऐकू यायला लागला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. धावपट्टी तर पाठीशीच होती. "अगो, माघारी फिर!" मी ओरडले.

"माघारी फिरायचं नसतं, आई."

मेली, आत्ता चेष्टा सुचतेय हिला! मरणाच्या दारात मला चक्क राग आला. पण ती चेष्टा नव्हती. एवढ्या कमी उंचीवर वळायला गेलं की विमानाचा वेग जातो आणि ते धोंड्यासारखं खाली येतं. समोर असेल तिथेच उतरायचं, हा वैमानिकांचा पहिला धडा. हे मला मागाहून कळलं.

समोर वाळल्या गवताचा सडा होता, म्हणजे आमचं कातळाचं माळरान, आणि मध्ये काजूच्या बागेचा चिऱ्यांचा गडगा, दगडी कुंपणच. त्यावर आदळलो असतो तर कारभार आटोपलाच होता. तिने नाक खाली केलं, जरासं डावीकडे घेतलं. मी डोळे मिटले नाहीत. मिटून काय होणार होतं? चाकं कातळावर आपटली, एक मोडलं, खरडत खरडत आम्ही थांबलो. गडगा उजवीकडे राहिला.

बाहेर पडून गवतात बसलो. दोघींना साधं खरचटलंही नव्हतं. आता कुठे तिने गॉगल काढला. मी तिचे हात माझ्या हातात धरून ठेवले.

"आई, खरं सांगू? मलाही मागेच वळावंसं वाटत होतं."

"वाटणारच की," मी म्हटलं. "घर तिकडेच होतं."