जीमच्या जागी ये

मी कुवेतच्या एका इस्पितळात वाचा-उपचार करते. अरबी वाचायला मी रत्नागिरीच्या मदरशात शिकले आणि बोलायला इथल्या रुग्णांकडून. या दोन अरबींमध्ये केवढं अंतर आहे, ते मला फहाहीलच्या एका म्हाताऱ्या मच्छीमारामुळे कळलं.

त्यांना मोटर न्यूरॉनचा आजार होता. हात गेले होते, जीभ जड झाली होती. या आजारात काहींच्या विचारशक्तीवरही परिणाम होतो, तो ओळखायला एक छोटी चाचणी असते. मूळ इंग्रजीतली. आमच्या विभागाचे मोठे डॉक्टर ती अरबीत आणत होते आणि रुग्णांवर करून बघायचं काम माझ्याकडे होतं.

पहिल्याच दिवशी म्हाताऱ्यांनी विचारलं, "तुमच्या किनाऱ्यावर झुबैदीला काय म्हणतात?"

"पापलेट."

तो शब्द तोंडात घोळवत ते हसले. मग कागद बघून गंभीर झाले. "परीक्षेची भीती वाटते, पोरी. शाळा मी चारच वर्षं पाहिली."

"हज्जी, परीक्षा तुमची नाही, या कागदाची आहे. तुमचे मार्क कुणालाही दाखवणार नाही."

हे असंच सांगा, असं डॉक्टरांनीच मला बजावलं होतं.

जीम या अक्षराने सुरू होणारे शब्द सांगायचे होते. त्यांनी सांगितले: याहिल, यिदार, यार. म्हणजे मूल, भिंत, शेजारी. पुस्तकात हे तिन्ही शब्द जीमने सुरू होतात, पण कुवेती माणसाच्या तोंडी त्या जीमचा ये होतो, म्हणजे 'ज'चा 'य'. नियमाप्रमाणे मला तिन्हींवर फुली मारावी लागली. खाली मी टीप लिहिली, की चूक रुग्णाची नाही, आपल्या नियमाची आहे. डॉक्टरांना तोंडीही सांगितलं. "छान लक्षात आलं तुमच्या," ते म्हणाले.

पुढे श्वास कमी पडू लागला. बायको, मुलगा आणि मी समोर असताना हज्जी अडखळत, पण स्पष्ट बोलले, "घशाला भोक पाडून मला यंत्राला बांधू नका."

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपवून एका रविवारी कामावर आले, तर ते अतिदक्षता विभागात होते. घशात नळी होती.

मुलगा दाराशी उभा होता. "डॉक्टर म्हणाले, बाबांची समज कमी झालीय. चाचणीत तसं आलंय. मग ठरवायचं मलाच ना?"

मी तडक डॉक्टरांकडे गेले. "ते मार्क कुणाला द्यायचे नव्हते."

"माणूस गुदमरत होता. मुलाने विचारलं, मी सांगितलं."

"आणि माझी टीप?"

"टीप बेरजेत धरत नाहीत."

"मी त्यांना शब्द दिला होता. तुमच्या सांगण्यावरून."

ते माझ्याकडे नवलाने बघत राहिले. "अहो, तसं सगळ्यांनाच सांगतो आपण. नाहीतर चाचणीला बसेल कोण?"

इतके महिने मी जे मनापासून बोलत होते, ती त्यांच्या लेखी गिऱ्हाईक गोळा करायची आरोळी होती.

त्या दुपारी मी येचे शब्द धरून पुन्हा मोजणी केली. हज्जींची समज शाबूत होती. तो कागद मी मुलाला दिला. त्याने उभ्याउभ्याच वाचला आणि त्याचा चेहरा पडला. "आता हे मला कशाला देताय?" म्हणत तो रडायला लागला. त्याला बाप हवा होता, एवढंच. त्याचा राग मला करता आला नाही.

हज्जी शुद्धीवर आल्यावर मी अक्षरांचा पारदर्शक तक्ता घेऊन गेले. माफी मागितली. त्यांनी नजरेने एकेक अक्षर दाखवलं: बे, रे, अलिफ. बर्रा. म्हणजे बाहेर हो.

मी बाहेर झाले.

चाचणीचा नियम नंतर बदलला. आता ये चालतो. डॉक्टरांच्या त्यावर छापून आलेल्या लेखात शेवटी माझे आभार मानले होते. नाव काढा म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, आता छापून झालं.

चार महिन्यांनी हज्जी गेले. घरच्यांनी मला कळवलं नाही. वॉर्डातली नर्स सलाइन बदलता बदलता सहज बोलून गेली, तेव्हा समजलं.